महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलमधील रनिंग बॅकचा कार्यभार आणि दुसऱ्या फळीची उभारणी : एक विवेचन

सारांश

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये रनिंग बॅक या स्थानावरील खेळाडूला सर्वाधिक शारीरिक आघात सहन करावे लागतात. त्याच्याकडे चेंडू किती वेळा द्यावा आणि त्याच्यामागे किती खेळाडू तयार ठेवावेत, हा प्रत्येक संघापुढील कळीचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या कार्यभाराचे स्वरूप, त्याचे मोजमाप, वाटपाच्या पद्धती आणि दुसरी फळी घडवण्याची प्रक्रिया यांचे विवेचन प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे केले आहे.

बीजसंज्ञा : रनिंग बॅक, कार्यभार, दुसरी फळी, भारवाटप, महाविद्यालयीन फुटबॉल.

१. प्रस्तावना

अमेरिकेतील विद्यापीठांच्या जीवनात फुटबॉलला जे स्थान आहे, त्याची कल्पना भारतीय वाचकाला सहज येत नाही. हा फुटबॉल पायाने चेंडू मारण्याचा खेळ नव्हे. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू हातात घेऊन किंवा फेकून प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत पोहोचवणे, हे त्याचे सूत्र आहे. दोन्ही बाजूंचे ११-११ खेळाडू मैदानात असतात. दोन गोलरेषांमधील अंतर १०० यार्ड असते. चेंडू ताब्यात असलेल्या संघाने चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकले पाहिजे. तसे न झाल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. शरद ऋतूतील बहुतेक शनिवारी हा खेळ पाहण्यासाठी मोठ्या विद्यापीठांची क्रीडांगणे ओसंडून वाहतात.

या खेळात क्वार्टरबॅककडून चेंडू घेऊन समोरच्या गर्दीत घुसणाऱ्या खेळाडूला रनिंग बॅक म्हणतात. कबड्डीतील चढाईपटूशी त्याची तुलना करता येईल. मात्र येथे त्याला अडवणारे खेळाडू वजनाने भारी असतात, पूर्ण वेगाने येऊन आदळतात, आणि असा प्रसंग एका सामन्यात वीस ते तीस वेळा येऊ शकतो. त्यामुळे चेंडू कोणाच्या हाती किती वेळा द्यायचा, हा प्रश्न वरकरणी डावपेचाचा दिसला तरी त्यात तीन निरनिराळे हितसंबंध गुंतलेले असतात. संघाला येत्या शनिवारचा विजय हवा असतो, खेळाडूला आपले शरीर आणि भावी व्यावसायिक कारकीर्द जपायची असते, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या दुसऱ्या खेळाडूला संधी हवी असते. हे तिन्ही हितसंबंध एकाच वेळी कसे सांभाळता येतील, याचा विचार या लेखात केला आहे.

२. रनिंग बॅकचे काम

चेंडू घेऊन केलेल्या प्रत्येक धावेला या खेळात ‘कॅरी’ म्हणतात. क्रिकेटमधील धावेशी गल्लत होऊ नये म्हणून पुढील विवेचनात त्यासाठी ‘चढाई’ हा शब्द योजला आहे. वृत्तपत्रांतील आकडेवारीत चढाया आणि त्यांतून मिळालेले यार्ड ठळकपणे येतात. परंतु रनिंग बॅकचे काम तेवढ्यावर संपत नाही.

पहिले काम अर्थातच चढाईचे. दुसरे काम क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलून पुढे नेण्याचे. तिसरे काम क्वार्टरबॅकच्या संरक्षणाचे आहे. क्वार्टरबॅक चेंडू फेकण्याच्या तयारीत असताना बचाव करणारा एखादा खेळाडू अनपेक्षित दिशेने त्याच्यावर चाल करून येतो. तो कोठून येणार हे क्षणात ओळखून रनिंग बॅकने त्याला अंगावर घ्यायचे असते. या कामाची नोंद चढायांच्या रकान्यात होत नाही, पण त्यातील आघात चढाईतल्या आघातापेक्षा कमी नसतो. याशिवाय एखादा चढाईचा बनाव करून प्रतिस्पर्ध्याला चकवणे, प्रतिपक्षाने लाथेने उडवलेला चेंडू घेऊन परत धावणे आणि आठवडाभराचा सराव, ही कामे असतातच. म्हणून केवळ चढाया मोजून कार्यभार ठरवणे म्हणजे शिक्षकाचा कार्यभार फक्त तासिकांवरून ठरवण्यासारखे आहे.

३. एकखांबी तंबू आणि जोडी : ऐतिहासिक आढावा

महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात दोन परंपरा शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एका परंपरेत सगळा भार एकाच खेळाडूवर असतो, तर दुसरीत तो दोघांत वा तिघांत वाटला जातो.

पहिल्या परंपरेची उदाहरणे अधिक प्रसिद्ध आहेत. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मार्कस ॲलनने १९८१ च्या हंगामात ४०३ चढाया केल्या आणि एका हंगामात २,००० यार्डांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला खेळाडू ठरला. ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सने १९८८ मध्ये अवघ्या ११ सामन्यांत ३४४ चढायांतून २,६२८ यार्ड मिळवले. हंगामोत्तर सामन्यांची आकडेवारी त्या काळी अधिकृत नोंदीत धरली जात नसे. तरीही हा विक्रम टिकून राहिला. २०२४ मध्ये बॉयसी स्टेटच्या ॲश्टन जेंटीने १४ सामन्यांत ३७४ चढाया करून २,६०१ यार्ड मिळवले आणि तो या विक्रमापासून २७ यार्ड दूर राहिला. एका हंगामातील सर्वाधिक चढायांचा विक्रम मात्र सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या केविन स्मिथच्या नावावर आहे. त्याने २००७ मध्ये १४ सामन्यांत ४५० चढाया केल्या, म्हणजे दर सामन्यास सरासरी ३२.

दुसरी परंपराही तितकीच जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या संघात डॉक ब्लँचर्ड आणि ग्लेन डेव्हिस ही जोडी होती. मधल्या गर्दीतून ताकदीने घुसणारा ब्लँचर्ड ‘मिस्टर इनसाइड’ म्हणून, तर कडेने वेगाने निसटणारा डेव्हिस ‘मिस्टर आउटसाइड’ म्हणून ओळखला जाई. सर्वोत्कृष्ट खेळाडूला दिला जाणारा हाइझमन पुरस्कार १९४५ मध्ये ब्लँचर्डला आणि १९४६ मध्ये डेव्हिसला मिळाला. भार वाटून घेतल्याने खेळाडू झाकोळला जातो, या समजुतीला छेद देणारे हे पहिले ठळक उदाहरण होय. २००४ मध्ये ऑबर्न विद्यापीठाच्या संघाने १३ पैकी १३ सामने जिंकले, तेव्हा त्यांच्याकडेही रॉनी ब्राउन आणि कार्नेल विल्यम्स अशी जोडी होती.

४. कार्यभाराचे मोजमाप

कार्यभार किती असावा याचे सर्वमान्य प्रमाण नाही. प्रशिक्षक पूर्वी अनुभवावर आणि खेळाडूच्या चेहऱ्यावरील थकव्यावर विसंबून राहत. गेल्या दीड दशकात त्याला उपकरणांची जोड मिळाली आहे. खेळाडूच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, बनियनवजा पट्ट्यात एक लहान यंत्र बसवले जाते. उपग्रहाच्या साहाय्याने आणि त्वरणमापकाद्वारे ते अंतर, वेग, अचानक थांबणे आणि दिशा बदलणे यांची नोंद ठेवते. त्यामुळे सरावातील भारही मोजता येऊ लागला.

या संदर्भात क्रीडाविज्ञानातील एका संकल्पनेचा उल्लेख आवश्यक आहे. चालू आठवड्यातील भाराला, तो आठवडा धरून मागील चार आठवड्यांच्या सरासरी भाराने भागले असता जे गुणोत्तर येते, त्यावरून अचानक वाढलेल्या ताणाचा अंदाज बांधता येतो. या विचाराला चालना देणारा एक महत्त्वाचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो क्रिकेटमधील वेगवान गोलंदाजांवर होता. त्यातून पुढे आलेला मुद्दा असा की, केवळ भार जास्त असणे जितके धोक्याचे, त्याहून शरीराला सवय नसताना तो एकदम वाढणे अधिक धोक्याचे. सर्वसाधारणपणे गुणोत्तर दीडच्या वर गेल्यास सावध व्हावे, असे मानले जाऊ लागले.

अलाबामा विद्यापीठाच्या डेरिक हेन्रीचे २०१५ मधील उदाहरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. नोव्हेंबर महिन्यातील चार सलग शनिवारी त्याने अनुक्रमे ३८, २२, ९ आणि ४६ चढाया केल्या. या चार आठवड्यांची सरासरी २८.७५ येते. म्हणजे ऑबर्नविरुद्धच्या ४६ चढायांच्या आठवड्यात त्याचे गुणोत्तर १.६ होते. लगेच पुढच्या शनिवारी, ५ डिसेंबरला, फ्लोरिडाविरुद्धच्या विभागीय अंतिम सामन्यात त्याने आणखी ४४ चढाया केल्या. सात दिवसांच्या अंतराने झालेल्या दोन सामन्यांत मिळून ९० चढाया झाल्या. त्याच्या जोडीचा अनुभवी खेळाडू केन्यन ड्रेक याच्या हाताचे हाड नोव्हेंबरच्या मध्यास मोडले होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. पहिल्या खेळाडूवरील भार हा बहुधा दुसऱ्या फळीच्या स्थितीवरून ठरतो, त्याचे हे उदाहरण आहे.

हेन्रीला त्या हंगामात गंभीर दुखापत झाली नाही. त्याने एकूण ३९५ चढायांतून २,२१९ यार्ड मिळवले, हाइझमन पुरस्कार जिंकला आणि अलाबामाने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. पुढे व्यावसायिक स्पर्धेतही त्याने २०२० मध्ये २,०२७ यार्ड मिळवले. यावरून भार निरुपद्रवी असतो असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. जो टिकला त्याचेच नाव स्मरणात राहते. जे टिकले नाहीत त्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही. फ्लोरिडाविरुद्धच्या सामन्यानंतर त्याला २५ दिवसांची विश्रांती मिळाली होती, हेही विसरता येत नाही.

या गुणोत्तरावर संख्याशास्त्रीय आक्षेपही घेतले गेले आहेत. गुणोत्तर वाढले म्हणजे दुखापत होतेच असे नाही, आणि गुणोत्तर योग्य असतानाही दुखापत होते. रनिंग बॅकच्या बाबतीत एक वेगळी अडचण आहे. स्नायूंची झीज आणि थकवा हा भाराचा परिणाम असू शकतो. परंतु गुडघ्यावर थेट बसलेला आघात पहिल्या चढाईतही होऊ शकतो. जॉर्जिया विद्यापीठाच्या निक चबला १० ऑक्टोबर २०१५ रोजी टेनेसीविरुद्धच्या सामन्यात गुडघ्याची गंभीर दुखापत झाली, ती संघाच्या पहिल्याच डावपेचावर. म्हणून मोजमापाचा उपयोग दुखापतीचे भाकीत करण्यासाठी नव्हे, तर अकारण ओढवलेला भार टाळण्यासाठी करणे अधिक योग्य ठरते.

५. भारवाटपाच्या पद्धती

भार वाटण्याच्या मुख्यतः तीन पद्धती प्रचलित आहेत.

पहिली पद्धत पाळीची. संघाच्या ताब्यात चेंडू आल्यापासून जाईपर्यंतच्या खेळाला एक पाळी मानल्यास, दोन पाळ्या पहिल्या खेळाडूला आणि तिसरी दुसऱ्याला, असे आधीच ठरवले जाते. यात दुसऱ्या खेळाडूला आपली वेळ माहीत असते आणि तो मनाने तयार राहतो. पहिला खेळाडू चांगल्या लयीत असताना त्याला बाहेर काढावे लागणे, हा या पद्धतीतील दोष आहे.

दुसरी पद्धत प्रसंगाची. एक-दोन यार्ड हवे असताना धिप्पाड खेळाडू, चेंडू फेकण्याची शक्यता असताना संरक्षण आणि झेल यांत कुशल खेळाडू, अशी कामाची विभागणी केली जाते. प्रत्येकाच्या गुणांचा उपयोग होतो हा तिचा लाभ. मात्र मैदानात कोण आला यावरून प्रतिस्पर्ध्याला पुढचा डाव ओळखता येतो, हा तिचा गंभीर दोष आहे.

या दोषाचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे ४ जानेवारी २००६ रोजी झालेला राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना. सदर्न कॅलिफोर्नियाकडे रेजी बुश आणि लेंडेल व्हाइट ही त्या काळातील सर्वोत्तम जोडी होती. २००५ च्या त्या हंगामात बुशने १,७४० तर व्हाइटने १,३०२ यार्ड मिळवले होते. टेक्ससविरुद्ध ३८-३३ अशी आघाडी असताना, शेवटच्या काही मिनिटांत, चौथ्या प्रयत्नात दोन यार्ड हवे होते. ताकदीचे काम व्हाइटचे, या विभागणीनुसार चेंडू व्हाइटकडे गेला आणि तो अडवला गेला. बुश त्या वेळी मैदानाबाहेर उभा होता. त्यानंतर टेक्ससने सामना ४१-३८ असा जिंकला. व्हाइटची निवड चुकली असे म्हणता येत नाही. त्या रात्री त्याने तीन टचडाउन केले होते. प्रश्न असा होता की, बुश मैदानात नसल्याने त्याच्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी टेक्ससच्या कोणत्याही खेळाडूवर उरली नाही. भारवाटप म्हणजे एकाने खेळायचे आणि दुसऱ्याने बाहेर बसायचे असे नव्हे. दोघांनी एकाच वेळी मैदानात असणे हेही भारवाटपच आहे, हा धडा या प्रसंगातून मिळतो.

तिसरी पद्धत लयीची. त्या दिवशी ज्याचा खेळ जमून येईल त्याच्याकडे चेंडू देत राहायचे. अनेक प्रशिक्षकांचा अनुभव असा की, काही खेळाडू दहा-बारा चढायांनंतरच खुलतात, आणि प्रतिस्पर्धी थकल्यावर चौथ्या सत्रात त्यांचे खरे मोल कळते. हा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि या पद्धतीत भाराला वरची मर्यादा राहत नाही. दर शनिवारी ‘आजचा दिवस वेगळा’ असे म्हणत मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता असते.

व्यवहारात तिन्ही पद्धतींचे मिश्रण आढळते. आठवड्याची मर्यादा आधी ठरवणे आणि तिच्या आत प्रसंगानुसार व लयीनुसार निर्णय घेणे, हा त्यातल्या त्यात समतोल मार्ग होय.

६. दुसरी फळी कशी घडते

दुसऱ्या खेळाडूला संधी का मिळत नाही, याचे कारण बहुतेक वेळा त्याच्या धावण्यात नसते. मोठ्या विद्यापीठात आलेला प्रत्येक रनिंग बॅक शालेय स्तरावर चमकलेला असतो. प्रशिक्षकाला भीती असते ती दोन गोष्टींची : चेंडू हातून निसटण्याची आणि क्वार्टरबॅकच्या संरक्षणात चूक होण्याची. पहिल्या चुकीने चेंडू जातो, दुसरीने क्वार्टरबॅकच जायबंदी होऊ शकतो. म्हणून दुसरी फळी घडवण्याचे काम हे मुख्यतः विश्वास कमावण्याचे काम आहे, आणि तो विश्वास ऑगस्टमधील सरावात व सप्टेंबरमधील तुलनेने सोप्या सामन्यांत कमवावा लागतो. नोव्हेंबरमध्ये पहिला खेळाडू जखमी झाल्यावर शोध सुरू करणाऱ्या संघाच्या हाती फारसे काही लागत नाही.

सरावाचे नियोजन येथे निर्णायक ठरते. पहिल्या खेळाडूला सरावात कमी आघात आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेळाडूंना अधिक डाव, असे उलटे प्रमाण ठेवल्यास दोन्ही हेतू साधतात. राष्ट्रीय नियामक संस्था एनसीएए हिने २०१७ मध्ये एका दिवसात दोन वेळा शारीरिक संपर्काचा सराव घेण्यास बंदी घातली आणि २०२१ मध्ये हंगामपूर्व काळातील संपर्क-सराव आणखी मर्यादित केला. त्यामुळे खेळाडूंचे रक्षण होते. पण नवख्या खेळाडूला संरक्षणाचे काम शिकवण्याच्या संधीही मोजक्या झाल्या. म्हणून सोप्या सामन्यातील आघाडीचा उत्तरार्ध अधिक मोलाचा ठरू लागला. २०१८ मध्ये नियम बदलून, चार सामन्यांपर्यंत खेळलेल्या नवख्या खेळाडूचे ते वर्ष पात्रतेत न मोजण्याची मुभा देण्यात आली. त्याने प्रथम वर्षाच्या खेळाडूला अजमावणे सुलभ झाले.

दुसऱ्या फळीचे मोल जॉर्जियाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा प्रमुख रनिंग बॅक टॉड गर्ली याला स्वाक्षऱ्यांसाठी पैसे घेतल्याच्या कारणावरून निलंबित करण्यात आले. त्याच्या जागी प्रथम वर्षाचा निक चब उतरला आणि मिझुरीविरुद्धच्या पहिल्याच प्रारंभिक सामन्यात त्याने ३८ चढाया केल्या. नोव्हेंबरमध्ये परतलेल्या गर्लीचा गुडघा त्याच सामन्यात दुखावला आणि भार पुन्हा चबवर आला. २०१५ मध्ये चब जखमी झाला तेव्हा सोनी मिशेलने जागा घेतली आणि १,००० यार्डांचा टप्पा पार केला. चब बरा होऊन परतला. दोघांनीही व्यावसायिक स्पर्धेकडे न वळता २०१७ चा हंगाम एकत्र खेळण्याचे ठरवले. १ जानेवारी २०१८ रोजी ओक्लाहोमाविरुद्धच्या रोझ बोल सामन्यात मिशेलने ११ चढायांत १८१ आणि चबने १४ चढायांत १४५ यार्ड मिळवून संघाला अंतिम फेरीत नेले. एका रात्रीत २५ चढाया आणि ३२६ यार्ड. हे काम एकाच खेळाडूने हंगामभर भार वाहिल्यानंतर जानेवारीत साधले असते का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

दुसरी फळी म्हणजे दुय्यम फळी नव्हे, हे सांगण्यासाठी बॅरी सँडर्सचे उदाहरण पुरेसे आहे. १९८६ आणि १९८७ ही दोन वर्षे तो थर्मन थॉमस याच्यामागे राखीव खेळाडू होता. थॉमस गेल्यावरचे वर्ष हे महाविद्यालयीन फुटबॉलमधील कदाचित सर्वांत थोर वर्ष ठरले.

७. ओहायो स्टेट, २०२४ : एक अभ्यासण्याजोगे उदाहरण

२०२४ पासून राष्ट्रीय अजिंक्यपदाची बाद फेरी १२ संघांची झाली. परिणामी विजेत्या ओहायो स्टेटला त्या हंगामात १६ सामने खेळावे लागले. सँडर्सच्या काळातील ११ अधिकृत सामन्यांच्या तुलनेत हा हंगाम जवळजवळ दीडपट लांब होता.

ओहायो स्टेटकडे ट्रेव्हियन हेंडरसन आधीपासून होता. त्याला पूर्वी दुखापतींनी ग्रासले होते. जानेवारी २०२४ मध्ये मिसिसिपी विद्यापीठातून क्विनशॉन जडकिन्स संघात आला. जडकिन्सने तेथे २०२२ मध्ये २७४ आणि २०२३ मध्ये २७१ चढाया केल्या होत्या. म्हणजे दर सामन्यास सुमारे २१. पहिल्या वर्षी त्याला दर चढाईस ५.७ यार्ड मिळाले होते, दुसऱ्या वर्षी ते ४.३ वर आले.

२०२४ मध्ये ओहायो स्टेटकडून जडकिन्सने १९४ आणि ट्रेव्हियन हेंडरसनने १४४, मिळून ३३८ चढाया केल्या. सोळा सामन्यांत ही सरासरी पुन्हा २१ येते. म्हणजे मिसिसिपीत जो भार एकटा जडकिन्स वाहत होता, तेवढाच भार येथे दोघांनी वाहिला. दोघांनीही १,००० यार्ड ओलांडले. जडकिन्सची सरासरी ५.५ तर हेंडरसनची ७.१ यार्ड राहिली. संघ, सहकारी आणि प्रतिस्पर्धी वेगळे असल्याने या फरकाचे सारे श्रेय भारवाटपाला देता येणार नाही. तरीही हंगामाच्या अखेरीस दोघेही ताजेतवाने होते, ही वस्तुस्थिती आहे. टेक्ससविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात हेंडरसनने एक छोटा पास घेऊन ७५ यार्डांचा टचडाउन केला, तर २० जानेवारी २०२५ रोजी नोट्र डेमविरुद्धच्या अंतिम सामन्यात जडकिन्सने ११ चढायांत १०० यार्ड मिळवले आणि एकूण तीन टचडाउन केले. ओहायो स्टेटने तो सामना ३४-२३ असा जिंकला.

भार वाटला तर खेळाडूचे व्यावसायिक मोल घटते, ही भीती खेळाडू आणि त्यांचे पालक यांच्या मनात असते. या बाबतीत खेळाडूंच्या व्यावसायिक निवडीचे क्रमांक बोलके आहेत. ऑबर्नच्या जोडीची २००५ मध्ये दुसऱ्या आणि पाचव्या क्रमांकावर निवड झाली. जॉर्जियाच्या जोडीची २०१८ मध्ये ३१ आणि ३५ व्या, तर ओहायो स्टेटच्या जोडीची २०२५ मध्ये ३६ आणि ३८ व्या क्रमांकावर निवड झाली. तीन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही. परंतु जोडीतील सहकाऱ्यामुळे कोणी मागे पडला असेही दिसत नाही.

८. बदलते नियम आणि नैतिक बाजू

या प्रश्नाची नैतिक बाजू विसरून चालणार नाही. शालेय शिक्षण संपल्यावर तीन वर्षे उलटल्याशिवाय खेळाडूला व्यावसायिक लीगमध्ये प्रवेश मिळत नाही. विस्कॉन्सिनच्या जोनाथन टेलरने २०१७ ते २०१९ या तीन हंगामांत ९२६ चढाया केल्या. त्या काळी महाविद्यालयीन खेळाडूला शिष्यवृत्ती आणि तदनुषंगिक खर्चाखेरीज मोबदला घेता येत नसे. शरीराची सर्वाधिक झीज करणारे काम ज्या वयात होत होते, त्या वयात त्याचे दाम मिळत नव्हते.

ही स्थिती आता बदलली आहे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेता येऊ लागला. ज्या कारणासाठी २०१४ मध्ये गर्लीला निलंबन भोगावे लागले, ते सात वर्षांनी वैध ठरले. २०२१ मध्येच एकदा विद्यापीठ बदलताना वर्षभर बाहेर बसण्याची अटही शिथिल झाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली आणि ८५ शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेऐवजी १०५ खेळाडूंची मर्यादा आली.

या बदलांमुळे दुसऱ्या फळीचे गणितच पालटले. सँडर्सप्रमाणे दोन वर्षे थांबणारा खेळाडू आज दुसरीकडे जाऊ शकतो. त्यामुळे त्याला संधी देणे ही आता केवळ पहिल्या खेळाडूच्या विश्रांतीची सोय राहिलेली नाही. दुसऱ्याला संघात टिकवण्याचा तो उपाय झाला आहे. ज्याला सामन्यात आठ-दहा चढाया नियमित मिळतात तो थांबतो. ज्याला केवळ आश्वासन मिळते तो निघून जातो.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) रनिंग बॅकचा कार्यभार केवळ चढायांवरून मोजता येत नाही, संरक्षण, झेल आणि सराव यांतील आघातही त्यात धरले पाहिजेत.

२) एकूण भाराइतकीच त्यातील अचानक वाढ लक्षात घेणे आवश्यक आहे. मात्र कोणतेही गुणोत्तर दुखापतीचे खात्रीशीर भाकीत करीत नाही.

३) कामाची काटेकोर विभागणी प्रतिस्पर्ध्याला डाव ओळखण्यास मदत करते; म्हणून जोडीतील प्रत्येकाला सर्व कामे यावीत हे इष्ट.

४) दुसरी फळी संकटात सापडत नाही, ती हंगामाच्या आरंभी, लहान लहान जबाबदाऱ्या सोपवून घडवावी लागते.

५) हंगाम लांबल्याने आणि खेळाडूला विद्यापीठ बदलण्याची मोकळीक मिळाल्याने भारवाटप ही सवड मिळाल्यास करावयाची गोष्ट न राहता संघबांधणीचा पाया ठरली आहे.

शनिवारचा सामना जिंकण्यासाठी सर्वोत्तम खेळाडूच्या हाती पुन्हा पुन्हा चेंडू देण्याचा मोह प्रत्येक प्रशिक्षकाला होतो आणि तो समजण्यासारखाही आहे. परंतु त्या खेळाडूचे वय वीस-एकवीस वर्षांचे असते आणि त्याचे गुडघे पुढचे सारे आयुष्य त्यालाच वापरायचे असतात. तो मोह आवरण्याचे सामर्थ्य प्रशिक्षकाला उपदेशाने येत नाही. शेजारी तितकाच विश्वासाचा दुसरा खेळाडू उभा असला म्हणजेच ते येते.